मामा तलावावर दोन दुर्बिणी

माणूस एक, ट्रायपॉड एक आणि स्कोप दोन, सगळा घोळ इथूनच सुरू झाला. नागपूरच्या मित्रानं त्याचे दोन जुने स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं दूरचे पक्षी पाहायच्या ट्रायपॉडवरच्या दुर्बिणी, माझ्या हवाली केले, म्हणे दोन्ही पाहून घे, आवडला तो ठेव, दुसरा सोमवारी वापस आण. एक ८० एमएमचा, सरळ नळीचा, २० ते ६० पट दाखवणारा आणि वजनाला वरवंटा. दुसरा ६५ एमएमचा, १६ ते ४८ पटवाला, मागून मान वाकडी केलेला.

रात्री जेवणं झाल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. समोरच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या टिकलीची रुंदी. ८० भागिले ६०, झाले १.३ एमएम. ६५ भागिले ४८, १.३५, म्हणजे जवळपास तेवढंच! म्हणजे फुल झूम केला की दोघंही सारखेच आंधळे. बायकोनं कागद पाहून विचारलं, धानाच्या बोनसचा हिशेब आहे काय. मी हो म्हटलं.

सकाळी साडेसहाला तलावाच्या पारीवर. आमचा तलाव माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला, सरकारी कागदात त्याचं 'मामा' होते, आणि मामा बनायला मी स्वतःच्या पायानं गेलो होतो. आता गोंदिया जिल्ह्यात राहून माणसानं सारस पाहावा, पाच-सहा फुटांचा पक्षी, त्याला ना स्कोप लागत ना चष्मा. पण मला पेच पडला होता टिलव्याचा. चिमणीएवढा जीव, चिखलात टुकूटुकू पळणारा. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर, आणि माझ्या आठच पट दाखवणाऱ्या साध्या दुर्बिणीत दोघांचेही पाय दिसत नाहीत, नुसता ठिपका पळताना दिसतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

ट्रायपॉड गावातल्या लग्नाची शूटिंग करणाऱ्या पोराचा. त्याचा एक पाय आपोआप खाली बसते, त्यामुळं टिलवा पाहता पाहता हळूहळू आभाळ दिसायला लागते. आधी ८० लावला. सरळ नळीचं एक बरं, बंदुकीसारखी रोखली की पक्षी सापडलाच समजा. सापडला, पण उभ्यानं पाहायचं तर ट्रायपॉड डोळ्याइतका उंच पाहिजे, आणि तेवढा उंच केला की वाऱ्यानं डुलते. बाजूला एक पांढरा बगळा उन्हात उभा होता, त्याच्या कडेनं जांभळी रेघ, जशी जांभळ्या काठाची पांढरी साडी. काच हलकी असली की वेगवेगळे रंग एका जागी येऊन मिळत नाहीत त्याचा हा प्रताप. मग हावरटपणा करून ६० पट केलं, तोवर ऊन चढलेलं, चिखलावरून गरम हवा वर उठून राहिली, आणि टिलवा कढईतल्या भज्यासारखा थरथरू लागला.

मग स्क्रू काढा, प्लेट बदला, ६५ लावा. एवढ्यात टिलवा गेला. वाकड्या मानेच्या स्कोपात आपण पाहतो खाली आणि नळी पाहते समोर, त्यामुळं नेमकं कुठं पाहून राहिलो तेच समजत नाही. पहिले लाखोळीचं पीक दिसलं, मग म्हशीचा कान. कानावरची गोचीड इतकी साफ दिसली की तिचे पाय मोजता आले असते. ज्याचे पाहायचे होते त्याचा पत्ता नाही!

तेवढ्यात ज्यांची ती लाखोळी, ते काका आले. तलाव आटला की त्यांच्या शेताची बांधी दरवर्षी थोडी थोडी तलावात शिरते, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

"मोजणी करून राहिले काय जी सर?"

"नाही जी काका, पक्षी पाहून राहिलो."

"पक्ष्याले दोन दोन मशिना?"

काका जे समोर उभे राहिले ते हललेच नाहीत. त्यांच्या मागून शाळेतली पोरं आली, अकरा जण. सरळ स्कोप असता तर पहिलीतल्या पोरीला विटांवर चढवा अन् सातवीतल्याला गुडघ्यावर बसवा असं झालं असतं. वाकडा मात्र कमरेइतका ठेवला आणि सगळी पोरं रांजणात डोकवावं तशी पाहून गेली. मग एक आजी आल्या, जाड भिंगाचा चष्मा. चष्मेवाल्यांसाठी डोळ्याजवळची रबरी कडा फिरवून खाली बसवावी लागते, नाहीतर मधात नुसतं टिकलीएवढं दिसते. ती बसवून दिली. आजी पाहतच राहिल्या.

"काय दिसते आजी?"

"बंड्या तंबाखूचा खर्रा घोटून राहिला तिकडं, मुडदा!" आणि आजींनी अशी हाक मारली की पल्याडचा बंड्या उभाच राहिला, आभाळाकडे पाहू लागला. पल्याडून खर्रा ओळखू आला, म्हणजे काच चांगलीच म्हणायची. माझ्या कागदावर हा हिशेब नव्हता.

उन्हं चांगलीच वर आल्यावर टिलवा परत आला, अगदी जवळ. दोन्ही स्कोप आळीपाळीनं लावले, दोन्हीत स्वच्छ दिसला, डोळ्यातली चमकसुद्धा. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"सर, पाय कोणत्या रंगाचे?" पोरांनी विचारलं.

"चिखलाच्या."

सोमवारी ८० एमएमचा मित्राला देऊन टाकला. येताना तलावाकडून आलो. बंड्यानं खर्ऱ्याची जागा बदलून देवळाच्या मागं नेली होती, आणि काकांनी आपल्या शेताचा धुरा आपणच दोन हात मागं घेतला होता.