फॉरमॅट मारायच्या आधी थांबा

घरचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला की एक मेसेज हमखास पुढे येतो. त्यात म्हटलेलं असतं ते असं: अचानक रीस्टार्ट होतोय म्हणजे व्हायरस आहे, क्लीनर टाकून रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करा, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा. विंडोजची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं तर पॉवर सप्लाय बदला. एवढं करूनही थांबलं नाही तर मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या. हा सल्ला मी स्वतः पाळला आहे, आणि त्यात माझं जे गेलं ते परत आलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी व्हायरस. आजच्या मालवेअरला तुमचा कॉम्प्युटर चालू हवा असतो आणि आपण तिथे आहोत हे तुम्हाला कळू नये असं वाटत असतं. सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर त्याच्या काहीच कामाचा नाही. चोरून क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग करणारा प्रोग्राम प्रोसेसर तापवू शकतो, हे खरं. त्यासाठी विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन करून घ्या आणि तो विषय संपवा. १९ जुलै २०२४ला जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एकाच दिवशी क्रॅशच्या निळ्या स्क्रीनवर अडकले, तेव्हाही कारण व्हायरस नव्हतं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट होतं.

रजिस्ट्री क्लीनरबद्दल एवढंच सांगतो की असली साधनं वापरायला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही.

आता फॉरमॅट. सगळं नुकसान इथेच होतं. क्रॅश झाला की विंडोज बहुतेक वेळा मागे काहीतरी सोडून जातं. विंडोजच्या ‘मिनीडंप’ नावाच्या फोल्डरमध्ये क्रॅशची फाइल पडते, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये वेळेसकट नोंद होते, ‘रिलायबिलिटी हिस्ट्री’मध्ये तारखेवर लाल फुली येते. फॉरमॅट मारला की हा सगळा पुरावा पुसला जातो.

माझा कॉम्प्युटर काहीही चालू नसतानासुद्धा रीस्टार्ट व्हायचा. कधी दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी. फॉरमॅटनंतर अकरा दिवस शांत गेले आणि मी सुटलो असं समजलो. पण ज्याला दोन आठवड्यांचाही खंड पडत होता, त्याचे अकरा दिवस काय सिद्ध करणार? बाराव्या दिवशी पुन्हा तेच. मग विंडोजच्या सेटिंग्जमधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिकखूण काढली. पुढच्या वेळी निळी स्क्रीन तशीच उभी राहिली आणि त्यावर लिहिलं होतं ‘मेमरी मॅनेजमेंट’. इतके दिवस ती डोळ्यांदेखत निघून जात होती.

मेमरी म्हटल्यावर संशय रॅमवर गेला. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घेऊन रात्रभर चालवला. पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ. तिसऱ्या फेरीत लाल ओळी उतरू लागल्या. प्रत्येक ओळीत अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा यांत एकाच ठिकाणी फरक, दर वेळी तोच बिट. मग रॅमच्या दोन्ही स्टिक काढल्या आणि एकाच स्लॉटमध्ये एकेक लावून तपासल्या. एक निर्दोष निघाली, दुसरीवर पुन्हा त्याच लाल ओळी.

आणि गेलं काय, तर फोटो. फॉरमॅटच्या आधी घाईघाईने घेतलेला बॅकअप त्याच सदोष रॅममधून गेला होता. काही फोटो उघडले तर वरचा भाग नीट आणि खाली नुसता करडा पट्टा. मूळ प्रती मी फॉरमॅट मारून पुसल्या होत्या. म्हणून कळकळीने सांगतो, रॅम तपासल्याशिवाय बॅकअपवर विसंबू नका आणि विंडोजही नव्याने टाकू नका. त्या रॅममधून जाताना इन्स्टॉलेशनच्या फाइलीही बिघडू शकतात. रॅम ठीक निघाली आणि संशय विंडोजच्याच फाइलींवर असेल, तर फॉरमॅटला अर्थ आहे.

‘४१’ची नोंद म्हणजे निदान नव्हे. कॉम्प्युटर मागच्या वेळी नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती सांगते. ती उघडून ‘बगचेक कोड’, म्हणजे निळ्या स्क्रीनचा एरर क्रमांक, बघा. शून्य असेल तर निळ्या स्क्रीनची नोंद झालेली नाही. मग वीज, उष्णता किंवा पूर्ण हँग होणं यांच्याकडे वळा. शून्य नसेल तर तो कोडच पुढचा धागा आहे. पॉवर सप्लाय दोषी असू शकतो, पण या नोंदीवरून तो दोषी ठरत नाही.

राहिला मदरबोर्ड. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम बंद पडायचे आणि ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा एरर यायचा. साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेत होते. २०२४मध्ये इंटेलने कबूल केलं की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. बायोसमधून (मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. आधीच खराब झालेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नव्हता, तो बदलूनच घ्यावा लागला. इथे फॉरमॅटचा उपयोग नव्हता आणि नव्या मदरबोर्डाचाही. तेव्हा मदरबोर्डावर शेवटी या. त्याआधी बायोस अपडेट करा, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून रॅम तिच्या मूळ वेगावर चालवून बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक क्रॅशची तारीख-वेळ वहीत लिहा. बदल केल्यावर आधीच्या सर्वांत लांब खंडापेक्षा जास्त दिवस थांबा, मगच पुढचा भाग काढा.