वॉकरनं चाललेलंही चालणंच असतं

सोलापुरातल्या आमच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'काठी, वॉकर, व्हीलचेअरवाल्यांनी फिटनेस घड्याळावर पैसे घालवू नयेत. त्यांची पावलं भरत नाहीत, कारण व्यायामच होत नाही. दहा हजार पावलांशिवाय फायदा नाही.' आमचे अण्णा रोज सकाळी वॉकर घेऊन सिद्धेश्वर तलावाकाठी चालतात. हा मेसेज वाचला आणि दुसऱ्या दिवशी ते घरातून निघालेच नाहीत. म्हणून हे लिहितोय.

'पावलं भरत नाहीत, म्हणजे व्यायाम होत नाही.' पहिलं खरं, दुसरं साफ खोटं. घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्यातला ॲक्सेलरोमीटर मनगटाची हालचाल टिपतो. हात लयीत पुढे-मागे झुलला, की घड्याळ पाऊल धरतं. वॉकर धरला की दोन्ही हात दांड्यावर घट्ट. पाय चालतायत, मनगट जागेवर. त्यात चाल संथ असली, की बसणारा हिसका इतका हलका असतो की घड्याळ तो किरकोळ समजून सोडून देतं. मी अण्णांचं घड्याळ घोट्याला बांधलं आणि दोघांनी मोठ्यानं शंभर पावलं मोजली. मनगटावर निम्मीही भरली नव्हती, घोट्यावर शंभरीच्या जवळ गेली. माणूस तोच, दमणंही तेच. काठीवाल्यांनी घड्याळ निदान मोकळ्या हातात तरी घालावं.

'व्हीलचेअरवाल्यांसाठी यात काहीच नाही.' ॲपलच्या घड्याळात २०१६ पासून व्हीलचेअरची सेटिंग आहे. ती लावली की पावलांऐवजी चाकाला दिलेले हातांचे रेटे मोजले जातात, आणि 'उभे राहा' अशी आठवण येत नाही. जे घड्याळ हे करत नाही, त्याच्या मालकाला चाकाचे फेरे मोजता येतील: २४ इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातं. सायकलवरचा चुंबकाचा मीटर हेच काम करतो. म्हणजे मोजणी अशक्य नाही. हात झुलवत चालणाऱ्यांवरच बेतलेलं गणित सगळ्यांना लावलं, तिथं चुकलं. वॉकर आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना सोबत घेऊन चाचण्या केल्या, तर ते गणित नीट होईल.

'दहा हजार.' हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी पावलांत नाहीत, मिनिटांत आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम. त्या अपंग व्यक्तींसाठीही आहेत, आणि जमेल तेवढं थोडंही चांगलंच, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

एक मान्य करतो: कॅलरीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. नाडीचंही जपून, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच कमी वाढते, आणि दांडा आवळून धरला की मनगटावरचं मोजमाप बिघडतं.

अण्णा पुन्हा तलावावर जाऊ लागलेत. घड्याळ घोट्याला असतं, आणि घरी आले की मिनिटं वहीत लिहितात.