पीएस५ प्रो: पैसे नेमके कशाचे मोजताय?

सोनीचा गेम कन्सोल प्लेस्टेशन ५ प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला आला, तेव्हा किंमत होती ६९९.९९ डॉलर. तो घ्यावा का, हे ठरवण्याआधी आत काय बदललंय ते नीट बघा.

वाढलाय तो जीपीयू, म्हणजे चित्र काढणारी चिप. साध्या पीएस५ मध्ये तिचे ३६ कम्प्युट युनिट्स (हिशेब करणारे भाग) आहेत, प्रोमध्ये ६०. मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबीवरून ५७६ वर गेला. शिवाय सिस्टीमच्या कामांसाठी २ जीबी डीडीआर५ मेमरी वेगळी दिली, त्यामुळे मूळच्या १६ जीबीतली थोडी जागा गेमला सुटते. सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, मात्र तोच, एएमडीच्या झेन २ रचनेचे आठ कोअर. डेव्हलपरने सीपीयू जास्त वेगाने चालवणारा मोड वापरला तर ३.५ चा ३.८५ गिगाहर्ट्झ होतो, बस्स. म्हणून ज्या गेममध्ये रस्त्यावरची गर्दी आणि फिजिक्सच्या हिशेबात सीपीयूच धापा टाकतो, तिथे सेकंदाला ३० फ्रेमचे ६० होणार नाहीत. फ्रेममध्ये काय काढायचं हे जीपीयूला सीपीयूच सांगतो. त्यालाच उशीर झाला तर ६० युनिट्स नुसती वाट बघत बसतात.

खरी मजा पीएसएसआरची, म्हणजे सोनीच्या चित्र सुधारणाऱ्या तंत्राची. गेम कमी रिझोल्युशनवर चालतो आणि मशीन लर्निंगने चित्र ४के च्या जवळ नेलं जातं. कुंपणाची जाळी, विजेच्या तारा, झाडाची पानं बघा: कॅमेरा फिरताना त्यांच्या कडा लुकलुकायच्या, त्या बऱ्याच स्थिर होतात. पण हे दिसायला मोठा ४के टीव्ही हवा. १०८०पी टीव्हीवर प्रो लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

मला सगळ्यात खटकतं ते डिस्क ड्राइव्ह नसणं. प्रो आला तेव्हा ड्राइव्हचे ७९.९९ वेगळे, उभा ठेवायचा तर स्टँडचे २९.९९ वेगळे. तेव्हाची बेरीज ८०९.९७ डॉलर. आपल्याकडे कितीतरी जण गेम संपवून डिस्क विकतात आणि त्या पैशात पुढची घेतात. सगळ्यात महाग मॉडेलमधून नेमकी तीच सोय काढली, हे चूकच आहे.

भारतात तर सोनीने तो तेव्हा आणलाच नाही, कारण त्यातल्या वाय-फाय ७ ला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ बँडला इथे परवानगी नव्हती. बाहेरून मागवलेल्या प्रोला इथली वॉरंटी मिळेल असं धरून चालू नका.

आणि केवळ प्रोच्या २ टीबी स्टोरेजसाठी मोह होत असेल तर थांबा. आहे त्याच पीएस५ मध्ये एम.२ एसएसडी, म्हणजे पट्टीसारखी जादा स्टोरेज, बसते. जेन४ (चौथ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीची) एनव्हीएमई घ्या, वेग ५५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, हीटसिंकसकट (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) जाडी ११.२५ मिमीच्या आत. जेन३ ची चालत नाही आणि उंच हीटसिंक असेल तर स्लॉटचं झाकण बसत नाही. कन्सोल रेस्ट मोडमध्ये न ठेवता पूर्ण बंद करा, केबल काढा, बाजूचं कव्हर सरकवा. आतला छोटा स्पेसर एसएसडीच्या लांबीच्या खाचेत आधी हलवा, मग एसएसडी तिरकी घालून स्क्रू लावा. स्पेसर विसरलात तर स्क्रू आवळताना एसएसडी वाकते. सुरू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला विचारतो.