मला तारीख सांगा

‘होऊन जाईल’ हे दोन शब्द मी गेल्या आठ महिन्यांत इतक्यांदा ऐकले आहेत की आता ते नुसते कानावर पडले तरी तळपायाची आग मस्तकात जाते. काय होऊन जाईल, कोण करणार आहे, कधी करणार आहे आणि झाले नाही तर मी कोणाकडे जायचे, यांपैकी एकाही गोष्टीचा त्या दोन शब्दांत पत्ता नसतो. ते ऐकून मान डोलवायची, तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या उतरायच्या, एसटीत बसायचे आणि पुण्याला पोहोचेपर्यंत त्यांचा अर्थ लावत राहायचे. काम त्यांचे आणि अर्थ लावण्याची हमाली माझी. त्याउपर ‘जरा समजून घ्या’ असे मलाच ऐकवले जाते.

माझे वडील ऑगस्टमध्ये गेले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांच्या नावावर दोन एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर ती ०.८१ हेक्टर अशी लिहिलेली आहे. वारस तिघे, आई, मी आणि धाकटा भाऊ. भांडण नाही, दावा नाही, कोणाची हरकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. आम्ही सहाव्या आठवड्यातच मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ म्हणजे खातेउतारा जोडून अर्ज दिला. तिथून पुढची वाटही ठरलेली आहे. गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत नोंद होते, चौकशी होते, मग फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद धरली जाते, चावडीवर नोटीस लागते, हरकतीसाठी १५ दिवस ठेवले जातात आणि शेवटी मंडल अधिकारी, म्हणजे गावच्या भाषेत सर्कल, ती नोंद प्रमाणित करतात. इतकी पायरी-पायरीने लिहून ठेवलेली वाट असूनही आज सातबाऱ्यावर माझ्या गेलेल्या वडिलांचेच नाव आहे, आणि ते कधी बदलेल हे मला कोणी सांगू शकत नाही असे नव्हे, तर कोणी सांगत नाही.

मी सहा खेपा घातल्या. पहिल्या खेपेला मी अर्जाची पोच मागितली. त्याच कलमात तलाठ्याने खबर मिळाल्याची लेखी पोच ताबडतोब द्यावी असे म्हटले आहे. मला उत्तर मिळाले, ‘ताई, अर्ज इथंच आहे की, कुठं जातोय?’ दुसऱ्या खेपेला भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, तालुक्याला मीटिंगला गेले होते. तिसऱ्या खेपेला साइट बंद होती. चौथ्या खेपेला सर्कलकडे पाठवले होते, पाचव्या खेपेला सर्कलकडून आलेले नव्हते, आणि सहाव्या खेपेला मी विचारले की सर्कलकडे नेमके कोणत्या तारखेला पाठवले, तर समोरच्या माणसाने वही उघडलीसुद्धा नाही. ‘गेलंय हो, होऊन जाईल, काळजी करू नका,’ असे म्हणून त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाबांकडे पाहिले, आणि त्यांनाही तेच वाक्य त्याच स्वरात सांगितले. त्या बाबांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत दुमडून दुमडून फाटायला आलेला कागद होता, आणि ते तेवढ्या उत्तरावर ‘बरं साहेब’ म्हणून निघून गेले. त्या ‘बरं साहेब’ने माझ्या पोटात कालवले. किती वर्षे त्या माणसाला असेच परत पाठवले असेल की त्याने दुसरा प्रश्न विचारायचेच सोडून द्यावे?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कार्यालयाने आपल्या सेवा, प्रत्येक सेवेची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी यांचा फलक लावायचा असतो. विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. फलक त्या कार्यालयात होता. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे होती आणि ‘कालमर्यादा’ असा ठसठशीत रकाना होता. मी वरून खालपर्यंत दोनदा वाचला. माझ्या कामाची ओळ त्यात नव्हती. ती का नाही असे विचारल्यावर ‘ते वेगळं असतं’ असे उत्तर आले. वेगळे म्हणजे कसे, हे पुन्हा मीच समजून घ्यायचे.

मी एका लहान छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करते, म्हणून कदाचित हा ढिसाळपणा मला इतरांहून जास्त टोचत असेल. आमच्याकडे ‘साधारण पाचशे प्रती’ असे काही छापता येत नाही. कागद मोजून घ्यावा लागतो, प्लेट एकदा गेली की गेली, आणि प्रुफावर गिऱ्हाइकाची सही असल्याशिवाय मशीन चालू होत नाही. तरीही गिऱ्हाईक येऊन म्हणते, ‘जरा उठावदार करा’, ‘थोडं मोठं घ्या’, ‘अर्जंट आहे, पण घाई नको’. आणि मालक आत मान हलवून बाहेर येतात आणि तेच शब्द माझ्या टेबलावर टाकून जातात. थोडे म्हणजे दोन पॉइंट की सहा, हे विचारले की ‘तुम्हाला कळतं की’ म्हणतात. छापून आल्यावर मात्र नेमके काय हवे होते ते गिऱ्हाइकाला आणि मालकांना लख्ख आठवते, आणि चूक माझी ठरते. आधी मोघम बोलायचे आणि नंतर नेमके भांडायचे, ही रीत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे.

आणि आपल्याला नेमकेपणा जमत नाही, हे मी मुळीच ऐकून घेणार नाही. लग्नसराईत मी दिवसाला आठ-आठ पत्रिका तपासते. त्यांत ‘दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी’ असा मुहूर्त असतो आणि ३७ च्या जागी ३१ पडले तर वधूपिता रात्री अकराला फोन करतो. ज्या सातबाऱ्यासाठी मी हेलपाटे घालते आहे, त्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरपर्यंत लिहिलेले असते, लागवडीला न येणारा पोटखराबासुद्धा वेगळा दाखवलेला असतो. जमिनीचा चौरस मीटर मोजणाऱ्या यंत्रणेला एका अर्जाचा दिवस मोजता येत नाही, यावर मी विश्वास ठेवावा तरी कसा? मोजता येतो. सांगितला की त्या दिवशी जाब द्यावा लागेल, म्हणून सांगायचा नसतो.

पाचव्या खेपेनंतर मी वरच्या कार्यालयात लेखी तक्रार केली. महिन्याभराने उत्तर आले, तेही एका वाक्याचे: ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने संबंधितांना नियमानुसार उचित कार्यवाही करणेबाबत कळविण्यात आले आहे.’ मी तो कागद टेबलावर ठेवला, लाल पेन घेतले आणि प्रुफासारखा वाचायला घेतला. ‘संबंधित’ म्हणजे तलाठी, सर्कल की आणखी कोणी? ‘नियमानुसार’ म्हणजे कोणत्या नियमानुसार? ‘उचित’ म्हणजे नोंद करायची, नाकारायची की अर्ज परत पाठवायचा? ‘कळविण्यात आले’ म्हणजे कोणी कळवले आणि कोणत्या तारखेला? संपूर्ण वाक्यात कर्ता नाही. आपल्या भाषेतल्या कर्मणी प्रयोगाचा असा उपयोग करून घेतला आहे की काम झाल्यासारखे वाटावे आणि करणारा माणूस मात्र कुठेच दिसू नये. अर्जाच्या विषयाचा उल्लेखही नाही, त्यामुळे हेच वाक्य पाणंद रस्त्याच्या तक्रारीलाही चालेल आणि रेशन कार्डाच्या तक्रारीलाही चालेल. माझ्या हातून असा मजकूर छापायला गेला असता तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवले असते. इथे त्यावर गोल शिक्का आहे, जावक क्रमांक आहे आणि सही आहे. फक्त उत्तर नाही.

मला अनिश्चितता सोसत नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवले आणि सांगितले, ‘पुढच्या ४८ तासांत काय होईल ते मला सांगता येत नाही. किडनीचा रिपोर्ट उद्या सकाळी आठला येईल. तो पाहून मी स्वतः तुम्हाला भेटतो.’ दुसऱ्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी ते आले, रिपोर्ट वाईट होता, तो त्यांनी वाईट आहे असेच सांगितले. त्या रात्री मी भिंतीला टेकून चार तास झोपले, कारण मला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि ते कधी कळणार आहे, या तिन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. ‘मला माहीत नाही, अमुक दिवशी सांगतो’ हे स्वच्छ उत्तर आहे आणि ते मी शंभर वेळा ऐकून घेईन. पाऊस कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही म्हणून मी कोणावर रागावलेली नाही. पण वहीत बघून सांगता येण्यासारखी गोष्ट वही न उघडता ‘होऊन जाईल’ म्हणून उडवून लावणे याला अनिश्चितता म्हणत नाहीत. ती मुद्दाम डोळ्यांत फेकलेली धूळ आहे.

घरातही हेच चालले आहे, आणि ते मला जास्त लागते. माझे धाकटे चुलते दिवाळीत म्हणाले, ‘तुझं नाव लावायचं काय, ते एकदा बसू.’ दिवाळीत बसणे झाले नाही. संक्रांतीला विचारले तर ‘यात्रेला सगळे येतातच, तेव्हा बसू’ असे ठरले. यात्रा झाली, पालखी झाली, जेवणाच्या पंगती उठल्या, आणि मी विषय काढल्यावर ते म्हणाले, ‘आत्ता नको गं, पाहुणे आहेत, बसू एकदा.’ यात बसून ठरवण्यासारखे आहे काय? हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने तर काही मर्यादांसह तो १९९४ मध्येच दिला होता. आणि २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. काकांना मी हक्कसोड करून द्यावे असे वाटत असेल तर त्यांनी ते तोंडावर म्हणावे, मी तोंडावर नाही म्हणेन, आणि नाते टिकेल किंवा तुटेल. ‘एकदा बसू’ म्हणून वर्ष काढायचे आणि मी कंटाळून गप्प बसेन याची वाट पाहायची, यात प्रेम नाही आणि मोठेपणाही नाही. माझा भाऊ यावर काहीच बोलत नाही. त्याचे गप्प बसणेही मी ‘बघू’ याच खात्यात धरते.

सगळ्यात चीड येते ती या मोघमपणाच्या एकतर्फीपणाची. माझ्या घरकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. ५ तारखेला खात्यात पैसे नसतील तर ‘होऊन जाईल’ हे उत्तर बँक ऐकत नाही, दंड लावते. वीजबिलावर अंतिम तारीख असते. गावच्या सोसायटीतल्या पीककर्जाला परतफेडीची तारीख असते. मी मालकांना पगारवाढीचे विचारले की ते ‘बघू, सीझन होऊ दे’ म्हणतात, पण मी उद्या कामावर येणार का असे त्यांनी विचारल्यावर मला ‘बघू’ म्हणता येत नाही. म्हणजे ज्याच्या हातात काम अडकले आहे त्याने मोघम राहायचे आणि ज्याचे काम अडले आहे त्याने मात्र तारखेला, वेळेला, झेरॉक्सच्या तीन प्रतींसह हजर राहायचे. या शब्दांना सभ्यता म्हणणाऱ्या, ‘स्पष्ट नाही म्हणवत नाही हो आपल्या माणसांना’ असे समर्थन करणाऱ्या सगळ्यांना माझे सांगणे आहे की तुमच्या या ‘नाही’ न म्हणवण्याची किंमत दुसरे कोणीतरी भरते. माझ्या सहा खेपांचे सहा खाडे झाले आहेत आणि ते पगारातून कापले गेले आहेत.

आई ७१ वर्षांची आहे. वडिलांच्या खात्यावर दर चार महिन्यांनी येणारा शेतकरी सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ता थांबला. आईच्या नावाने अर्ज करायचा तर आधी सातबाऱ्यावर तिचे नाव लागले पाहिजे. जूनमध्ये सोयाबीन पेरायचे तर सोसायटीचे कर्ज हवे, आणि कर्जासाठी पुन्हा तोच उतारा हवा. ती फोनवर रोज संध्याकाळी विचारते, ‘काही कळलं का गं?’ उसनवारी करायची की रान वाट्याने लावायचे, की यंदा पडीक ठेवायचे, हे तिला आत्ता मे महिन्यात ठरवायचे आहे. ‘नोंद जुलैमध्ये होईल’ असे कोणी सांगितले असते तर तिने रान वाट्याने दिले असते आणि मोकळी झाली असती. वाईट तारखेचाही तिला उपयोग होता.

येत्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. या वेळी मी अर्ज घेऊन जाणार नाही, विनंती घेऊन जाणार नाही. एक कागद नेणार आहे, त्यावर चार ओळी टाइप करून ठेवल्या आहेत: वारस नोंदवहीत नोंद झाल्याची तारीख, सर्कलकडे पाठवल्याची तारीख, चावडीवर नोटीस लावल्याची तारीख, प्रमाणित होण्याची तारीख. प्रत्येक ओळीपुढे जागा सोडली आहे आणि खाली नाव, हुद्दा आणि सहीसाठी रेघ मारली आहे. जे झाले नसेल त्यापुढे ‘झाले नाही’ असे लिहावे, मला चालेल. खाडा मी आधीच टाकला आहे, डबा बरोबर नेणार आहे, आणि त्या चार जागा भरल्याशिवाय मी त्या बाकावरून उठणार नाही.