बोर्दोत एक रात्र मुक्काम: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

युरोपच्या क्रूझला निघालेल्या मंडळींच्या ग्रुपवर हा मेसेज सारखा फिरतोय: "बोर्दोला जहाज एक रात्र थांबतं. जहाजाचीच सहल घ्या, स्वतः गेलात तर जहाज सुटेल. मेडॉक आणि सेंट एमिलियन एकाच दिवसात उरका. शातोमध्ये कधीही जा, वाइन चाखायला देतात. न पिणाऱ्यांनी जहाजावरच थांबावं." निवृत्तीचे पैसे खर्चून जाणारे लोक हे वाचून बेत आखतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. बोर्दो हे फ्रान्समधलं वाइनसाठी प्रसिद्ध शहर, मेडॉक आणि सेंट एमिलियन हे त्याच्या आसपासचे द्राक्षमळ्यांचे भाग, आणि शातो म्हणजे मळ्यातली वाइन बनवणारी हवेली.

जहाज सुटेल, ही भीती दुसऱ्या दिवसाची आहे. पहिल्या दिवशी जहाज हलणारच नाही. परतीची गाडी चुकली तर रात्री उशिरा चढाल, एवढंच. म्हणून लांबचं पहिल्या दिवशी आणि शहर दुसऱ्या दिवशी. बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात: उतरल्या उतरल्या शहर पाहतात आणि निघायच्या दिवशी द्राक्षमळ्यांकडे धावतात. दुसऱ्या दिवशी मात्र हयगय नको. बोर्दो ज्या नदीवर आहे त्या गारोनला समुद्राची भरती-ओहोटी लागते आणि मोठं जहाज बाहेर पडताना शाबान-देल्मास पुलाचा मधला भाग वर उचलावा लागतो. ही वेळ आधीच ठरलेली असते, ती तुमच्यासाठी बदलत नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: जहाज नेमकं कुठे लागणार? आकाराने बेताचं जहाज थेट शहरात, कँकाँस चौकाजवळच्या धक्क्याला लागतं. पायऱ्या उतरलात की समोर ट्राम. खूप मोठी जहाजं तिथवर येत नाहीत, ती नदीच्या मुखाशी ल व्हर्दोंला थांबतात. तिथून बोर्दो साधारण शंभर किलोमीटर. कार्यक्रमपत्रिकेत दोन्हीकडे 'बोर्दो' असंच छापलेलं असू शकतं. ल व्हर्दों असेल तर जहाजाचीच सहल घ्या, तिथे मेसेजचं म्हणणं मला मान्य आहे. शहरातला धक्का असेल तर तो सल्ला महागात पडतो.

आता एका दिवसात दोन्ही. नकाशा उघडून बघा. सेंट एमिलियन शहराच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटर, मेडॉकमधलं पोयाक उत्तरेला सुमारे पन्नास. मध्ये नद्या आहेत, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाताना बहुतेक वेळा पुन्हा बोर्दोकडेच यावं लागतं. दिवस बसमध्ये जातो. एकच निवडा. मेडॉक म्हणजे खडीची जमीन, कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं आणि 1855 साली झालेल्या वाइनच्या प्रतवारीतली बडी नावं. पण तिथले शातो लांब लांब विखुरलेले आहेत, गाडी किंवा गाइडशिवाय हाल होतात. सेंट एमिलियन म्हणजे चुनखडी, मर्लो जातीची द्राक्षं आणि पायी फिरता येईल असं जुनं गाव. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून सेंट एमिलियन सांगेन. कँकाँसहून ट्रामने सें-जाँ स्टेशन, तिथून रेल्वेने पाऊण तासाच्या आत. स्टेशनपासून गाव पायी वीसेक मिनिटं, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. गाड्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी टिपून ठेवा. उतार तीव्र आणि दगडी आहे. गुडघे दुखत असतील तर पकड असलेले बूट घाला.

शातोमध्ये कधीही जाता येतं, हे तर साफ चूक. नावाजलेल्या ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. कित्येक शातो रविवारी बंद असतात, आणि सप्टेंबरात द्राक्षतोडणी सुरू असताना पाहुण्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. जहाजाची तारीख कळली की त्याच आठवड्यात ईमेल पाठवा. आणि चाखलेली वाइन तिथे ठेवलेल्या भांड्यात थुंकणं मुळीच असभ्य नाही, तीच तिथली रीत आहे. पाच पेले पोटात रिचवून दुपार झोपेत घालवायची गरज नाही.

शेवटचा मुद्दा, न पिणाऱ्यांनी जहाजावरच थांबावं, मला सगळ्यात लागला. माझी आई वाइनला शिवत नाही. सेंट एमिलियनला एकाच खडकात खोदलेलं भूमिगत चर्च आहे, गाइडबरोबरच आत सोडतात. आत गार वाटतं, खांब जोडलेले नाहीत, डोंगरातून कोरून काढलेले. आईने एका खांबाजवळ उभं राहून एवढंच म्हटलं, "आपल्या वेरूळसारखं." पुढे तिने गावातले बदामाचे मॅकरून खाल्ले. त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, तेवढं शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बोर्दोची प्रसिद्ध कानले (छोटे केक) तिला मीच खाऊ दिली नाहीत, कारण त्यात अंडं तर असतंच, शिवाय रमही असते. बोर्दोतल्या 'सिते द्यु व्हॅं' या वाइनच्या संग्रहालयात वरच्या मजल्यावर तिने पेल्यात द्राक्षाचा रस घेतला.

संध्याकाळी आम्ही बूर्स चौकासमोरच्या पाण्याच्या आरशावर गेलो. काळ्या ग्रॅनाइटवर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी, त्यात समोरच्या इमारती उलट्या दिसतात. मग पाणी ओसरतं आणि धुकं उठतं. पोरं धावत होती. आई चपला हातात घेऊन त्यांच्यामधून अर्धा तास चालत होती.