आतून कडी आहे का?

मागच्या आठवड्यात दिग्रसकडचे एक काका आमच्या सेवा केंद्रात आले. पोरीच्या पासपोर्टचा फॉर्म भरायचा होता. फॉर्म झाला, नागपूरची तारीख मिळाली, पैसे देऊन झाले, तरी काका खुर्चीवरून उठेनात. मागं पीक विम्यावाल्यांची रांग लागलेली. शेवटी हळूच म्हणाले, "भाऊ, तुमची बहीण तिकडं थायलंडले एकटी रायते म्हनते. तुमाले झोप लागते का?"

मी लागते म्हणालो. काकांचं त्यानं समाधान झालं नाही, ते दिसलंच. ती झोप लागायला आमच्या घराला सात महिने लागले होते आणि ते रांगेसमोर सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहितो आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत पोरीनं एकटीनं परदेशी नोकरीला जायचा विषय आता निघतो, आणि बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत मिटतो. पोरगी म्हणते, "तुम्ही काळजी नका करू." घरचे म्हणतात, "काही गरज नाही जायची."

माझी धाकटी बहीण, घरात सगळे तिला छोटीच म्हणतात. अमरावती विद्यापीठाची एमए इंग्रजी, वर बीएड. टीएआयटी ही शिक्षकभरतीची परीक्षा दिली, भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरले (मीच भरून दिले), वाट पाहिली. यवतमाळला एका खासगी शाळेत महिना नऊ हजारांवर शिकवलं. एका संस्थेत जागा निघाली, पण तिथं जो आकडा सांगितला त्यात आमचं दोन एकर वावर गेलं असतं. बाबा विकायला तयार होते. छोटीनंच नको म्हटलं, आणि चार दिवसांनी, २०२४ च्या मार्चमध्ये, रात्री जेवताना सांगितलं की तिला थायलंडला शाळेत इंग्रजी शिकवायला जायचं आहे.

आजी म्हणाली, "तिथं कोन हाय आपलं?" आईनं हातातली भाकर टोपल्यात परत ठेवली. बाबा गप्प राहिले, आणि आमच्याकडे बाबांचं गप्प राहणं म्हणजे नकार. बोललो तो मी. म्हणालो, "लग्नाचं वय झालं, लोक काय म्हणतील?" हे वाक्य आज लिहितानाही मला बरं वाटत नाही. मला भेव लागलं होतं, आणि लहान बहिणीसमोर ते कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून लोकांना पुढं केलं. छोटी ताट उचलून आत गेली आणि पुढचे पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं बरोबर होतं. लोकांचं काय करायचं ते तिच्या हातात नव्हतंच. माझ्या भीतीला उत्तर देणं तिच्या हातात होतं, पण ती भीती मी सांगितलीच नव्हती.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण "जग बदललं, पोरींना जाऊ द्या" एवढंच म्हणून मोकळं होणाऱ्या पोस्ट मी वाचतो आणि मला त्यांचा राग येतो. घरच्यांची भीती खोटी नसते. एप्रिलमध्ये छोटीला एका एजंटचा फोन आला. शाळा पक्की, पगार पक्का, दहा हजार नोंदणीचे भरा, बाकी ऐंशी हजार तिकिटाच्या वेळी. दहा भरले. मग मी शाळेचं नाव विचारलं. म्हणे, ते तिथं पोचल्यावर ठरेल. मुलाखत? गरज नाही. व्हिसा? "आता भारतीयांना व्हिसा लागतच नाही, बाकीचं तिथं गेल्यावर करून देतो." मूळ पासपोर्ट मात्र कुरिअरनं आधी पाठवा म्हणे. पासपोर्ट दिला नाही. दहा हजार बुडाले.

त्या माणसाच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, म्हणूनच फसायला होतं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना थायलंडला व्हिसाशिवाय जायची सवलत मिळाली, पण ती फिरायला. त्यावर नोकरी करता येत नाही. शिक्षकाला आधी नॉन-इमिग्रंट बी हा व्हिसा लागतो, तो शाळेच्या पत्रावर इथूनच काढून जायचं असतं, आणि तिथं गेल्यावर वर्क परमिट. "तिथं गेल्यावर बघू" म्हणणारा तुमच्या पोरीला कोणत्या दारात नेऊन सोडेल याचा नेम नाही. थायलंडच्या सीमेपलीकडं म्यानमारमध्ये म्यावड्डीकडं अशाच नोकरीच्या नावाखाली नेलेल्या पोरांना कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेत होते. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी साडेपाचशेच्या आसपास भारतीय तिथून सोडवून आणले. ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा छोटी तिकडं शाळेत होती आणि बाबा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "तो एजंट."

एजंट गेल्यावर मी कामाला लागलो. माझा दिवसच कागदांत जातो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर. एका स्पेलिंगसाठी माणसाला तीनदा परत पाठवतो मी, आणि स्वतःच्या बहिणीचा विषय मात्र "लोक काय म्हणतील" वर सोडून दिला होता. आम्ही दोघं बसलो. शाळा तिनं स्वतः शोधली, थायलंडच्या ईशान्येला खोन केन शहराच्या बाहेर. शाळेचा फोन नंबर मी जाहिरातीतला घेतला नाही, शाळेच्या स्वतःच्या पानावरून काढला आणि त्यावर फोन करून विचारलं की या नावाच्या मुलीला तुम्ही पत्र दिलं आहे का. मुलाखत दोनदा झाली. करारात पगार किती, खोली कोणाची, आजारी पडली तर खर्च कोणाचा, मधेच सोडायचं झालं तर काय, हे सगळं लिहून घेतलं. खोलीचं वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हतं, ते घालायला लावलं. पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई दूतावासाचा. पासपोर्ट ऑफिसकडून पोलीस क्लिअरन्स. परक्यांना इंग्रजी शिकवायचा एकशे वीस तासांचा टेफल कोर्स तिनं उन्हाळ्यात केला, आणि इंग्रजी आपली मातृभाषा नाही म्हणून टोइक ही इंग्रजीची परीक्षाही दिली.

या सगळ्याची एक फाईल केली. एक प्रत बाबांच्या कपाटात, जिथं सातबारे असतात तिथंच. बाबांनी ती किती वेळा काढून पाहिली मला माहीत नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण शिक्के ओळखू येतात. सप्टेंबरमध्ये एक दिवस त्यांनी स्वतःहून विचारलं, "बँकाकले आपली वकिलात हाय नं? तिचा नंबर फाईलीत हाय का?" तो होता. मदद पोर्टलही दाखवलं, परदेशात अडकलेल्यांच्या तक्रारी परराष्ट्र मंत्रालय त्यावर घेतं. त्या दिवसापासून बाबांनी विरोध केला नाही.

आईचं तसं नव्हतं. फाईल तिनं पदर सावरून बघितली आणि परत दिली. मी तिला समजावत राहिलो, वकिलात, करार, विमा. ती हं हं करायची आणि रात्री उठून बसायची. शेवटी आजीनंच तिला विचारलं, जे मी विचारायला हवं होतं. "तुले नेमकं भेव कायचं लागते ते तं सांग!"

आई म्हणाली, "रात्री झोपते तवा आतून कडी हाय का नाई त्या खोलीले?"

सहा महिने आम्ही तिला दूतावास सांगत होतो.

त्या शाळेत फिलिपिन्सची एक शिक्षिका सहा वर्षांपासून होती. थायलंडच्या शाळांत फिलिपिन्सच्या शिक्षिका बऱ्याच आहेत, आणि त्याही आपल्यासारख्याच घर सोडून आलेल्या. छोटीनं तिला व्हिडिओ कॉल लावला, तिनं रिकामी खोली दाखवली. पलंग, पंखा, खिडकीला जाळी, बाहेर आंब्याचं झाड. आई म्हणाली, दार दाखव. दाराला गोल मुठीचं कुलूप, मधलं बटण दाबलं की बंद होणारं. त्या बाईनं दाबून दाखवलं. आई म्हणाली, "हे तं बाहेरून चाबीनं उघडते. कडी कुठं हाय?" छोटीला भाषांतर करायची लाज वाटली, मी म्हटलं कर. ती बाई आधी थांबली, मग हसून म्हणाली की माझी आईसुद्धा हेच विचारायची. चार दिवसांनी फोटो आला. दाराला आतून वर एक आणि खाली एक, अशा दोन सरकवायच्या कड्या बसवलेल्या. तो फोटो आईच्या फोनमध्ये अजून आहे. त्या रात्री ती उठून बसली नाही.

मला यातून जे कळलं ते हेच, की काळजी ही एकच एक मोठी गोष्ट नसते. आईची कडी, बाबांचा शिक्का, आजीचं "कोन हाय आपलं". प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं, आणि विचारल्यावर उत्तर बहुतेक वेळा निघतं. आजीला आम्ही त्या फिलिपिनो बाईशी बोलायला लावलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळला नाही. पण आजी म्हणाली, "बाई चांगली हाय."

माझी स्वतःची भीती निराळीच निघाली. थायलंडमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांत बहुसंख्य दुचाकीवाले असतात. आपण पोरीला परक्या माणसांची भीती घालतो आणि हेल्मेटचं नाव काढत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून दिला, कारण परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. तरी गाडी घेऊ नको, शाळेच्या व्हॅननं जा, असं मी तिला सांगितलं, आणि या एका बाबतीत मी अजून ऐकत नाही.

फोनचं ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी एक मेसेज, रविवारी घरभर कॉल. तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं आहे, त्यामुळं आईचे दिवे लागायच्या आत तिची रात्र झालेली असते. मेसेज आला नाही तर कोणाला, कोणत्या क्रमानं फोन करायचा ते कागदावर लिहून भिंतीला लावलं. दिवसातून दहा फोन करायचे नाहीत हेही ठरवलं, आणि ते आईसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. एक खुणेचं वाक्यही आहे. ते इथं लिहीत नाही. आमच्याकडं आता नसलेल्या एका जनावराची ती चौकशी करेल, तर समजायचं की ती मोकळेपणानं बोलू शकत नाही.

जानेवारीत एक दिवस मेसेज आला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. आईनं भिंतीवरच्या कागदाकडं बोट केलं. पहिला नंबर त्या फिलिपिनो बाईचा. तिनं उचलला, आणि वीस मिनिटांत छोटीचा आवाज आला. मुलांसोबत शिबिराला गेली होती, फोन पाण्यात पडला होता. ती वीस मिनिटं मी अंगणात उभा होतो, पाय थरथरत होते, ते लपवत नाही. पण तो कागद नसता तर रात्र गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिला परत ये म्हटलं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटी ती गेली होती, सोयाबीन घरात आलं आणि पऱ्हाटीची पहिली वेचणी सुरू झाली तेव्हा. बडनेऱ्याहून हावड्याची गाडी, कोलकात्याहून विमान. कोलकाता ते बँकॉक अडीच तास. आमची शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जायला याहून जास्त वेळ लागायचा.

यंदा जूनमध्ये तिनं एक फोटो पाठवला. तिकडं शाळा सुरू झाल्यावर एका गुरुवारी मुलं शिक्षकांना वंदन करतात. शिक्षकाला ते "ख्रू" म्हणतात, म्हणजे आपला गुरूच. मुलं गुडघ्यावर बसून ताटात फुलं आणतात. छोटीच्या हातातल्या ताटात रुक्मिणीच्या फुलांसारखी लाल फुलं होती, आणि त्यांच्यासोबत वांग्याचं फूल आणि हरळी. वांग्याचं फूल खाली वाकलेलं असतं म्हणून नम्रतेसाठी, आणि हरळी कुठंही पसरते, मरत नाही म्हणून. बाबांनी फोटो मोठा करून करून पाहिला. जन्मभर वावरातून हरळी खणून काढणारा माणूस. म्हणाले, "हे तं आपल्या धुऱ्यावर हाय." आजी दुसऱ्या दिवशी सांदवाडीतल्या वांग्यापाशी बराच वेळ उभी होती.

दिग्रसचे काका, तुमचा नंबर फॉर्मवर आहे, फोन करणारच आहे. ज्यांच्या घरी असा विषय चालू असेल त्यांनीही दुकानात या. शाळेचं पत्र, करार, जे असेल ते सोबत आणा, एजंट असेल तर त्याचा कागद आधी आणा. बघायचे पैसे घेत नाही. पोरीला सोबत आणा, आणि जमलं तर तिच्या आईलाही. सकाळी दहाच्या आधी गर्दी कमी असते.