मीटरला किती?

परवा सोलापुरात होटगी रोडच्या एका गॅरेजात एका काकांनी माझ्या पोलोच्या बॉनेटवर सरळ बूड टेकवलं, दोनदा हिंदकळले आणि निकाल दिला, "मऊ हाय." विचारणं वगैरे काही नाही. मागच्या खिशात किल्ल्या होत्या त्यांच्या, पत्र्यावर ओरखडा उठलाय.

मुद्दा एवढाच होता की स्प्रिंग कडक टाकायचे, पण किती कडक. पुढच्या एका चाकावर 300 किलो धरले आणि गाडी सेकंदाला 1.3 वेळा डुलते असं धरलं तर स्प्रिंग निघतो साधारण 2 किलोचा, म्हणजे 1 मिलिमीटर दाबायला 2 किलो. मला सेकंदाला 1.8 वेळा पाहिजे, तर कडकपणा डुलण्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि आकडा थेट 4 च्या घरात. पुढं स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या दांड्यावर, म्हणून बरं, स्प्रिंग आणि चाक जवळपास बरोबरीनं हलतात, नाहीतर लिव्हरेजचाही वर्ग करत बसा. मेकॅनिकला हे वहीत दाखवत होतो तर काका वहीत डोकावले.

"4 किलो? का बे, एवढ्यात कांद्याची पिशवी तरी बसंल का? ट्रकचा पाटा बघ, टनात माल घेतो."

"काका, हे मिलिमीटरला आहे."

"मग मीटरला किती?"

आता काय सांगणार. "4 हजार."

"हां! मग 4 टन म्हण की सरळ!" आणि चहाच्या टपरीकडं तोंड करून ओरडले, "ह्ये पोरगं 4 टनाचा स्प्रिंग टाकायलंय!" टपरीवरचे चारपाच जण उठून बघायला आले, त्यातल्या एकानं परत बॉनेट दाबलं. दाबायचंच असतं म्हणे.

मग काकांचा सल्ला, "दोन राउंड काप की, फुकटात कडक." राग याचा आला की हे अर्धं बरोबर आहे, वेढे कमी झाले की स्प्रिंग खरंच कडक होतो. पण गाडी खाली बसते, स्प्रिंग सीटमध्ये नीट बसत नाही आणि कंपनीचा शॉकअप त्याला आवरत नाही, हे ऐकायला काका थांबतायत कशाला, ते तोवर माझ्याच पैशाचा चहा पीत होते.

आणि खाली बसवून जायचं कुठं? नियमातला स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, वरून गोल. आमच्या गल्लीतला एका रात्रीत उगवला, ना पट्टे ना बोर्ड, उंची ज्याच्या दारासमोर आहे त्याच्या मनासारखी. टॅक्स आम्हीच भरायचा आणि इंजिनाखालचं चेंबर पण आमचंच घासायचं. सात रस्त्याला पोचेपर्यंत कडक स्प्रिंगवाल्याच्या मणक्यांची मोजदाद होते.

शेवटी स्प्रिंगवाल्याला फोन लावला. म्हटलं, दादा, पुढचा रेट सांगा.

"साडेनऊ हजार."

तो रेट नाही हो, किलो पर मिलिमीटर.

"तसं नसतं साहेब. लाल कडक, निळा मीडियम. लाल संपलाय. निळा पाठवू का?"